पाना-पक्कड : कॉकखालचा डबा

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची १९८४ ची येझदी रोडकिंग आहे. बाबा सूतगिरणीत होते. तिन्ही पाळ्या त्यांनी याच गाडीवर केल्या. गिअरचाच लिव्हर आत दाबून वर घेतला की त्याची किक होते, हे त्यांनी मला आठवीत असताना शिकवलं. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. गाडी दोन-तीन किकमध्ये चालू होते, पण पेट्रोल कॉक, म्हणजे टाकीखालचा पेट्रोल चालू-बंद करायचा नळ, गळतो. बाबा असताना ते त्यावर कपडे धुण्याचा साबण घासायचे. तो साबणाचा तुकडा अजून टूलबॉक्समध्ये आहे. मी खाली पत्र्याचा डबा ठेवते. एक फिटर म्हणतो, नवा कॉक टाका. दुसरा म्हणतो, टाकी उतरवायचीच आहे तर इंजिनही खोलू, रंगही काढू, साठेक हजारांत गाडी नवी होईल. मी बँकेत नोकरी करते, हातात कधी पाना धरलेला नाही. हे काम मला स्वतःला जमेल का? आणि एवढ्याशा कामाला मी सहा वर्षं हात का लावला नाही, हेही कळत नाही.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, तुमचं पत्र येऊन महिना उलटून गेला. उशिराचं कारण आधी सांगतो. पत्र वाचलं आणि मी उठून अंगणात गेलो. माझ्या १९६९ च्या जावाच्या कॉकखालीही डबा होता. गळती चार वर्षांची होती. मी ३१ वर्षं आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवला. पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगायचो की पेट्रोलची गळती दिसली की हातातलं दुसरं काम खाली ठेवायचं. तुम्हाला उत्तर लिहायचं तर आधी माझ्या दारातला डबा उचलायला हवा होता. तो उचलला, आणि मगच लिहायला बसलो आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण चार वर्षं मी तोच प्रश्न टाळत होतो. मोठी नादुरुस्ती आपल्याला थांबवते. पिस्टन धरला, चेन तुटली, तर गाडी जागची हलत नाही आणि झक मारत काम करावं लागतं. बारीक गळती थांबवत नाही. ती आपल्याला तिच्या सोयीनं वागायला लावते. माझं असं झालं : पहिल्या वर्षी गाडी लावली की कॉक बंद करायचा आणि फडक्यानं पुसायचा, एवढंच. दुसऱ्या वर्षी डबा आला. तिसऱ्या वर्षी टाकीत लिटर-दीड लिटरच्या वर पेट्रोल भरणं बंद केलं, वाया जातं म्हणून. टाकीत लिटरभरच पेट्रोल असलं की लांब कोण जातो? कासला जायचं बंद झालं, मग यवतेश्वरचा घाटही बंद झाला. गाडीची वही मी पहिल्यापासून ठेवतो. परवा ती उघडून मोजलं, तर गेल्या वर्षभरात गाडी अकरा वेळा बाहेर निघाली होती, आणि एकदाही गावाबाहेर गेली नव्हती. गाडीत दुसरा कुठलाही दोष नव्हता. थेंबाथेंबानं ती माझ्या आयुष्यातून बाहेर पडत होती आणि मला वाटत होतं, आता वय झालं, हौस कमी झाली. तुम्हीही पत्रात लिहिलंय की महिन्यातून एकदाच नदीपर्यंत जाऊन येता. डबा गेला की पुन्हा मोजून बघा.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असावी असं मला वाटतं. बाबांच्या हातचा साबण त्या कॉकवर आहे. तो खरवडून काढायला मन होत नसेल. तसं असेल तर त्यात काही चुकीचं नाही. पण बाबा करत होते ते काम अर्धं होतं, हे तेही जाणून असणार. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, म्हणून तो भेगेत बसतो आणि गळती तात्पुरती थांबते. रस्त्यावर अडकलेल्या माणसाला घरी पोचवणारी ही युक्ती आहे आणि ती पक्की आहे. पाळीवरून परतताना त्यांनी ती कितीदा वापरली असेल! तुकडा टूलबॉक्समध्येच राहू द्या. त्याची जागा तीच आहे.

आता साठ हजारांचं. देऊ नका. दोन-तीन किकमध्ये चालू होणारं इंजिन उघडू नका. हे मी ठासून सांगतो, कारण जुन्या गाड्या रस्त्यावर जितक्या मेल्या नाहीत तितक्या 'उघडलंच आहे तर' या वाक्यानं मेल्या. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी टाकीच्या एवढ्याशाच कामासाठी गाडी गॅरेजला दिली. टाकी उतरली तशी रंगाला गेली. रंग व्हायचाय तोवर मडगार्ड काढले. मडगार्ड निघाले तर वायरिंग जुनं दिसलं. चौदा महिन्यांनी ती गाडी तीन गोण्यांमध्ये घरी परत आली, आणि गोण्यांमधला कोणता नट कुठला हे सांगू शकणारा पोरगा तोवर दुसरीकडे कामाला गेला होता. जावा-येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तेव्हाचे जोडलेले भाग आज जसेच्या तसे मिळत नाहीत. तुमच्या गाडीतला एकमेकांवर घासून बसलेला प्रत्येक सांधा हा ठेवा आहे. तो विनाकारण मोडायचा नाही. तुमचं काम एका कॉकचं आहे. कामाला बसण्याआधी कागदावर लिहून ठेवा : 'आज फक्त कॉक.' मीही लिहिलं होतं, आणि त्या कागदानं मला दोनदा अडवलं. एकदा कार्बोरेटरकडे हात गेला तेव्हा, आणि एकदा टाकीचा सोनेरी पट्टा पुन्हा रेखाटावा असं वाटलं तेव्हा.

नवा कॉक टाकावा का? वाईट नाही, पण दुसरा पर्याय म्हणून ठेवा. बाजारातल्या नव्या कॉकमध्ये टाकीत शिरणारी नळी कमी-जास्त उंचीची निघते. रिझर्व्हचं पेट्रोल त्या नळीच्या उंचीवर ठरतं. उंची बदलली की वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेला रिझर्व्हचा अंदाज चुकतो आणि गाडी भलत्याच ठिकाणी बंद पडते. आधी आहे तो कॉक नीट करून बघू.

पण तो नेमका कुठून गळतो ते आधी शोधा. आपण 'कॉक गळतो' असं एका शब्दात म्हणतो, पण गळतीच्या जागा तीन असतात. एक, कॉक टाकीला जिथं बसतो तो सांधा. दोन, लिव्हरच्या मागची जागा. तीन, खालची वाटी, जिच्यात गाळ आणि पाणी साठतं. वरून ओघळणारा थेंब शेवटी वाटीच्या टोकालाच लोंबतो, त्यामुळे डोळ्यांना नेहमी वाटीच दोषी दिसते. यावर सोपा उपाय शाळेतल्या खडूचा. कॉक कोरडा पुसून घ्या आणि तिन्ही जागांवर पांढरा खडू घासा. पाच-दहा मिनिटं कोपऱ्यात बसून बघा. जिथं खडू आधी ओला होऊन काळपट पडेल ती जागा खरी. टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये घालायचं तेल) मिसळलेलं पेट्रोल उडून गेलं तरी मागं चिकट डाग ठेवतं, तोही माग सांगतो. माझ्या कॉकवर खडू लिव्हरच्या खालच्या कडेनं ओला झाला. चार वर्षं मी वाटी आवळत होतो.

चौथी गळती बाहेर दिसत नाही. कॉक बंद असूनही आतून पेट्रोल पाझरत राहतं आणि कार्बोरेटरकडे जातं. ती पकडायला कार्बोरेटरकडची नळी सोडवून एका कोरड्या काचेच्या बाटलीत सोडा, कॉक बंद ठेवा आणि तासानं बघा. बाटलीचा तळ ओला झाला असेल तर दोष आतला. ही गळती बाहेरच्यापेक्षा जास्त त्रासाची, कारण आपली इंजिनं टू-स्ट्रोक. कार्बोरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुईही झिजलेली असली तर रात्रभरात पेट्रोल क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटात, उतरतं. सकाळी किक जड लागते, प्लग ओला होतो, आणि चालू झालीच तर गल्ली धुरानं भरते. असं कधी झालं तर किकवर उभं राहून जोर करू नका. कॉक आणि चावी बंद करून प्लग काढा, सावकाश आठ-दहा किक मारा, आतलं पेट्रोल बाहेर पडू द्या, प्लग पुसून मग लावा.

आता प्रत्यक्ष काम. रविवारी सकाळी करा, उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. म्हणून ओसरीवर, जिन्याखाली किंवा बंद पार्किंगमध्ये नको. आमच्या घरी देवघर अंगणालगत आहे. त्या दिवशी पूजा उशिरा करायची असं घरात आदल्या रात्रीच सांगितलं. गॅसचा गिझर बंद ठेवा. इंजिन थंड हवं. बॅटरीची एक वायर सोडवा. पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढा आणि डबा जमिनीवर ठेवूनच काढा, प्लॅस्टिकची बादली नको. सगळं पेट्रोल निघालं असं वाटलं तरी थोडं राहतंच, म्हणून कॉक सोडताना खाली थाळी ठेवा.

पाना बरोबर मापाचा घ्या. पक्कड वापरू नका. पकडीनं नटाचे कोन जातात आणि मग तो पुढच्या माणसाच्या हातून कायमचा गेला. नट हलत नसेल तर दोन थेंब तेल सोडून चहा घेऊन या. तरीही हलला नाही तर त्या दिवशी थांबा आणि फिटरला बोलवा. टाकीचे आटे गेले तर मात्र खरोखरच मोठं काम निघेल.

माझ्या गाडीला मूळचा कॉक नाही. कुणीतरी कधीतरी येझदीच्या धर्तीचा बसवलेला आहे, तेव्हा तुमच्यासारखाच असण्याची शक्यता बरीच आहे. लिव्हरवर एक पट्टी, तिला दोन बारीक स्क्रू. स्क्रू काढले की पट्टी, मग लाटेसारखं वाकलेलं स्प्रिंगचं वायसर, मग लिव्हर, आणि त्याच्या मागे चार भोकांचं रबरी वायसर. सगळ्या कॉकचा जीव या वायसरमध्ये आहे. लिव्हर फिरवला की त्याच्या मागची खाच वेगवेगळ्या भोकांना जोडते : बंद, चालू, रिझर्व्ह. (तुमच्या कॉकला स्क्रूऐवजी रिव्हेट असेल तर तो उघडण्यासाठी केलेलाच नाही. मग मात्र नवाच घ्या.)

ते वायसर मी नखानं उचललं तेव्हा त्याचा एक तुकडा तिथंच चिकटून राहिला. रबर म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं. जुन्या चपलेच्या टाचेसारखं कडक, वरच्या बाजूला लिव्हरनं गोल चर पाडलेली, आणि खालच्या दोन भोकांच्या मधल्या भिंतीला केसाएवढी चीर. ती चीर उजेडात धरल्याशिवाय दिसत नव्हती. त्या केसाएवढ्या फटीतून चार वर्षं पेट्रोल गळलं. मी ते वायसर वहीच्या पानात ठेवलंय.

रबर असं का होतं? वयामुळे होतं, उन्हामुळे होतं, आणि आता पेट्रोलमुळेही होतं. हल्ली पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या गाड्या बनल्या तेव्हा त्यांच्या रबरानं इथेनॉल पाहिलेलंच नव्हतं. शिवाय इथेनॉल हवेतली ओल शोषून घेतं, पाणी वेगळं झालं की ते जड म्हणून टाकीच्या तळाशी बसतं, आणि तळाशीच आपला कॉक. एक जुनी सवय यामुळे सोडावी लागली, तीही सांगतो. पूर्वी आम्ही पॅकिंगला शेलॅक लावायचो. पेट्रोलला तो दाद देत नसे. पण शेलॅक म्हणजे लाख, आणि फर्निचरला पॉलिश करणारा कारागीर ती स्पिरिटमध्येच विरघळवतो. इथेनॉल हे तेच स्पिरिट. त्यामुळे माझ्या वयाचा एखादा फिटर प्रेमानं शेलॅक लावू लागला तर त्याला नमस्कार करून नको म्हणा. पांढरी नळाची टेपही नको, तिचे तुकडे सुटून कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, अडकतात. दोन रंगांचा मळून लावायचा एपॉक्सी तर अजिबात नको. तो लावला की पुढच्या वेळी कॉक उघडता येत नाही, फोडावा लागतो.

नवं वायसर घेताना 'व्हायटॉनचं आहे का' असं विचारा. ते रबर इथेनॉलला टिकतं. मला तयार मिळालं नाही. मी कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो, रबराच्या दुकानातून तळहाताएवढी व्हायटॉनची शीट घेतली आणि जुनं वायसर वर ठेवून घरी कापलं. भोकं पाडायला पोकळ पंच वापरला, खाली सागाचा तुकडा. पहिलं वायसर बिघडलं, एक भोक कडेला सरकलं. दुसरं बरोबर आलं. तुम्ही कापायच्या भानगडीत पडू नका. दुकानदाराला जुना तुकडा दाखवा. इचलकरंजीहून कोल्हापूर तुम्हाला जवळ आहे, आणि पुण्याला कुणी जात असेल तर नाना पेठेत विचारायला सांगा. मिळेल.

नवं वायसर आणून लगेच बसवलं तर अर्धं काम होतं. जुन्या लिव्हरच्या मागच्या चकतीवर ओरखडे असतात, ते नवं रबरही खातात. काचेचा एक सपाट तुकडा घ्या, त्यावर १००० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर चार थेंब डिझेल. पूर्वी हे आम्ही रॉकेलवर करायचो, हल्ली ते मिळत नाही. चकती पेपरवर सपाट धरून मराठी चारच्या आकड्यासारखी फिरवत राहा, जोर न देता. दर मिनिटाला पुसून बघा. सुरुवातीला चकतीवर चमक तुकड्यातुकड्यांनी दिसते, कारण ती फक्त उंचवट्यांवर घासते. चमक सगळीकडे सारखी पसरली की थांबा. मला वीस मिनिटं लागली. ताई, हे काम हातात कधी पाना न धरलेल्या माणसाला जास्त चांगलं जमतं, कारण त्याला घाई नसते. माझ्या वर्गात फाइलिंगला सगळ्यात सपाट हात ज्या मुलाचा होता, त्यानं आयटीआयच्या आधी कुठलंही यंत्र हाताळलेलं नव्हतं.

जोडताना वायसरला टूटीचं एक बोट पुसा, म्हणजे लिव्हर कोरडं रबर ओढणार नाही. दोन्ही स्क्रू आळीपाळीनं, अर्धा-अर्धा फेरा. लिव्हर ठेवाल तिथं राहिला पाहिजे, पण फिरवायला दोन बोटं पुरली पाहिजेत. फार आवळला तर नवं रबर महिन्यात चिरडेल. आतली जाळी जुन्या टूथब्रशनं धुवा. माझ्या वाटीत अर्धा चमचा गंज निघाला, चहाच्या चोथ्यासारखा. टाकीच्या सांध्याचं वायसरही नवंच टाका, ते काही रुपयांचं असतं.

आणि एक कसोटी, जी घाईत सगळे गाळतात : कॉक टाकीला लावण्याआधी एका नळीच्या तुकड्यात डिझेल भरून तो वरून कॉकला जोडा, कॉक बंद करा आणि रात्रभर खिळ्याला टांगून ठेवा. खाली वर्तमानपत्र. मी रात्री दोनदा उठून टॉर्चनं बघितलं. सकाळी कागद कोरडा होता. डिझेल धुऊन काढलं, कॉक बसवला आणि बऱ्याच काळानं पहिल्यांदा टाकी वरपर्यंत भरली, लिटरला ४० मिली टूटीच्या हिशोबानं. पंपावरच्या पोरानं दोनदा विचारलं, 'काका, फुल्ल?'

सगळं धरून एकूण काम एक तास चाळीस मिनिटांचं झालं, कोल्हापूरची फेरी आणि टांगलेली रात्र सोडून.

तुम्हाला जमेल. सोबत कुणीतरी असू द्या, निदान थाळी धरायला. आणि टाकीच्या सांध्यावरचा साबण काढताना तो नखानं किंवा लाकडी काडीनं काढा, स्क्रू ड्रायव्हरनं रंग जाईल. पहिली फेरी कुठं मारली ते मला कळवा. मी यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत गेलो होतो. परत येऊन गाडी लावली, सवयीनं डबा सरकवायला वाकलो, आणि डबा तिथं नव्हता.

प्रश्न : माझ्या १९७८ च्या बुलेटच्या डाव्या बाजूच्या मोठ्या झाकणातून तेल झिरपतं. मधला नट दरवेळी घट्ट करतो, तरी दोन वर्षं तेच चालू आहे. उलट वाढलंय.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नट घट्ट करणं आजपासून बंद करा. तुमच्या दोन वर्षांच्या दुखण्याचं मूळ त्यातच आहे. क्लच आणि प्रायमरी चेनवरचं हे एवढं मोठं झाकण मध्यभागी एकाच नटावर धरलेलं असतं. तो जास्त आवळला की झाकण मध्ये दबतं आणि कडा उचलल्या जातात. कडेच्या खाचेत रबरी रिंग आहे, गळती तिनं थांबवायची असते. नट फक्त झाकण जागेवर धरतो.

आधी तेल प्रमाणापेक्षा जास्त तर नाही ना ते बघा. पातळीचा वेगळा स्क्रू असतो. गाडी मधल्या स्टँडवर उभी करून तो काढा, जादा तेल आपोआप निघून जाईल. तेवढ्यानंच थांबलं तर झाकण उघडायची गरज नाही. नाही थांबलं तर डावा फुटरेस्ट आणि ब्रेकचा पेडल काढा, झाकण उतरवून काचेवर पालथं ठेवा आणि कडेखालून कागद सरकतो का बघा. सरकत असेल तर झाकण वाकलंय, ते चांगल्या मशीन शॉपमध्ये सरळ करून घ्या. खाचेतली जुन्या सिलंटची सगळी पुटं काढून टाका, नवी रिंग कोरडी बसवा, नटाखालचं वायसरही बदला. नट बेताचा आवळा. मोठ्या दांड्याचा पाना त्यासाठी घेऊच नका.

प्रश्न : आजोबांची १९६७ ची जावा माझ्या नावावर झाली आहे. कागदपत्रांचं नूतनीकरण मी टाळत आलोय. व्हिंटेजची नोंदणी करून घ्यावी का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : गाडीचं तुम्ही काय करणार आहात, त्यावर ते ठरेल. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली हवी. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये. नव्यानं नोंदणाऱ्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो, आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. पण या नोंदणीवर गाडी रोज रस्त्यावर चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर निघू शकते.

तुम्ही लिहिलंय की बाजारातून मासे आणायला तुम्हाला तीच गाडी न्यायची आहे. मग व्हिंटेजच्या वाटेला जाऊ नका. नेहमीच्या पद्धतीनं पाच वर्षांचं नूतनीकरण करा, पर्यावरण कर भरा, आरटीओत गाडी तपासून घ्या. टाळत राहिलात तर विलंबाचा आकार वाढत जातो, तेव्हा या महिन्यातच अर्ज करा. तपासणीला जाण्याआधी पुढचा-मागचा दिवा, ब्रेकचा दिवा आणि हॉर्न चालतात का ते घरी बघा. तुमच्या गाडीत अजून ६ व्होल्टचं वायरिंग असेल तर तसे बल्ब आयत्या वेळी दुकानात मिळत नाहीत, दोन आधीच मागवून ठेवा.